सगळ्यात धाकट्यानं आधी बोलायचं

माझी लेक मोठ्यांना उलट बोलत नाही, हे मी वीस वर्षं गावभर मिरवलं. गावभर म्हणजे लंडनच्या कडेचं पिनर, हॅरो आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जमणाऱ्या सगळ्या बायकांत. त्यांची पोरं "व्हॉटेव्हर" म्हणत खोलीचं दार आपटायची आणि माझी मात्र "हो आई" म्हणून भांडी आवरायला घ्यायची. लंडनमध्ये जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकलेली, पण तोंड वर करून बोलणं म्हणून नाही. बायका विचारायच्या, कसं काय जमवलंस गं? मी म्हणायची, त्यात काय, धाक पाहिजे. माझा राग नाकावर असतो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे कोणी पुढे विचारत नसे.

तर या गुणी मुलीनं युनिव्हर्सिटी संपल्यावर एका रविवारी पोहे खाताना सांगितलं की तिला लष्करात जायचंय. ऑफिसर व्हायचंय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणाच्या लष्करात?" मी विचारलं. "इथल्या, आई. आपल्या." ते 'आपल्या' मला आणखी झोंबलं. माझे आजोबा साताऱ्याकडचे. मागच्या महायुद्धात ते याच लोकांच्या हाताखाली इटलीत लढले आणि एका पायानं लंगडत घरी आले. लढायचं कुठे, कशासाठी, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. हे सगळं मी आवाज चढवून तिला ऐकवलं. तिनं बशी रिकामी होईपर्यंत ऐकून घेतलं, "हो आई" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी अर्ज भरला.

निवडीच्या आधी दोन दिवसांची एक प्राथमिक चाचणी असते. तिथून ती 'अजून तयारी करून काही महिन्यांनी निवडीला या' असा शेरा घेऊन परतली. मनातल्या मनात मी सुटकेचा निःश्वास सोडला, खोटं कशाला बोलू? पण पोर इतकी उतरलेल्या तोंडानं सोफ्यावर बसली होती की मला राहवेना. नेमकं काय झालं, मी विचारलं.

झालं होतं ते असं. कागदावर एक कोडं होतं. पूल पडलाय, पलीकडे जखमी माणूस आहे, जीप एकच आहे, सुटका कशी कराल? हिनं हिशेब बरोबर केला होता, रस्त्याला पन्नास मिनिटं. मग समोरचा मोठा ऑफिसर कडक आवाजात म्हणाला, चाळीसच लागतात, नाही का? ही म्हणाली, येस सर. नक्की ना? येस सर. त्या दहा मिनिटांवर हिचा सगळा बेत कोसळला.

"तुला माहीत होतं ना, पन्नास लागतात म्हणून?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"ते मोठे होते ना, आई."

मला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. माझंच शिकवलेलं माझ्यासमोर आलं होतं. ती लष्करात जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं, पण माझ्या धाकापायी ती नापास व्हावी, हे मला सहन होईना.

आणि त्या 'हो आई'च्या खाली आणखी एक गोष्ट दबलेली होती. ती आम्हा दोघींनाही माहीत होती. दोन वर्षांपूर्वी हे गेले. डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितले होते, लेक उत्तरेला युनिव्हर्सिटीत होती, ट्रेननं तीन तासांवर, आणि तिची परीक्षा चालू होती. मी तिला सांगितलं नाही. आपल्याकडे सांगत नाहीतच. पेपर होऊ देत, मग सांगू. अठरा दिवस मी फोनवर "बाबांचा घसा बसलाय, झोपलेत" म्हणत राहिले. शेवटचा पेपर देऊन ती आली तेव्हा यांना शुद्ध नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. मी उत्तरं तयार ठेवली होती, पण तिनं विचारलंच नाही. चहा करून दिला, आलेल्यांच्या चपला नीट लावल्या. तेव्हापासून घरात ती 'हो आई' म्हणाली की मी तिच्याकडे बघायचं टाळायची.

आमच्यापासून तीन घरं सोडून एक म्हातारे गृहस्थ राहतात. वेल्सचे. लष्करातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले. तोवर आमची ओळख एवढीच की मी चुकीच्या दिवशी चुकीच्या रंगाचा कचऱ्याचा बिन बाहेर काढला की ते न चुकता येऊन सांगायचे. ते दर बुधवारी दुपारी लायब्ररीत इतिहासाचा वर्ग घेतात, अशी पाटी मी वाचली होती. पाश्चात्त्य सैन्यं का जिंकली, असा विषय. मी हाउन्सलोजवळ विमानाच्या मालाच्या गोदामात शिफ्टचं आणि गाड्यांचं नियोजन करते. बुधवारची सकाळची शिफ्ट मागून घेतली आणि गेले. या लष्कराला माझ्या पोरीकडून नेमकं हवंय तरी काय ते बघायला आणि जमलंच तर भांडायला.

वर्ग म्हणजे आठ-नऊ पेन्शनर, बिस्किटांची बशी आणि एक पांढरा फळा. त्या दिवशी ते ग्रीक शेतकऱ्यांबद्दल बोलत होते. शेतातली माणसं, स्वतःच्या गावच्या सभेत हात वर करून मत देणारी. लढाईत खांद्याला खांदा लावून उभी राहायची. ढाल डाव्या हातात. ती अर्धी आपल्याला झाकते, अर्धी शेजारच्याला. म्हणजे तुम्ही पळालात तर मरतो शेजारचा. सार्जंट म्हणाले, ढाल लाकडाचीच होती, पण शेजाऱ्याला सोडायचं नाही हे गावात शिकून आलेली माणसं ती धरून होती, म्हणून ती रांग टिकली.

मला आवडलं होतं, पण मी आवडून घ्यायला आले नव्हते. मी हात वर केला आणि पदर खोचल्यासारखी सुरू झाले. त्या सभेत बायका कुठे होत्या? त्यांचे गुलाम कुठे होते? आणि आमचा देश तुम्ही काय सभेत हात वर करून घेतलात का? तोफा होत्या, जहाजं होती, आमच्यातलेच आमच्यावर उठवलेत. आणि माझे आजोबा! त्यांना कुठल्या सभेनं विचारलं? बिस्किटं खाणाऱ्यांचे हात तिथेच थांबले. एक बाई छताकडे बघायला लागल्या.

सार्जंटनी कानातलं यंत्र नीट केलं, मला परत एकदा सावकाश बोलायला लावलं आणि फळ्याच्या उजव्या बाजूला 'माझ्याकडून काय सुटलं' असा मथळा घालून माझं एकेक वाक्य लिहून काढलं. बायका, गुलाम, तोफा, फितुरी, आजोबा. मग म्हणाले, "हे सगळं खरं आहे. आणखी काही?" अगं बाई! भांडायला गेलेल्या माणसाला कोणी असं विचारलं तर त्यानं भांडायचं कसं? मी गपकन खाली बसले. वर्ग संपल्यावर त्यांनी तो मथळा पुसला नाही. पुढच्या बुधवारी तो तसाच होता आणि त्याखाली इतरांनीही भर घातलेली होती.

मी जात राहिले. रोमन सैन्य दिवसभर चालून आल्यावरही रोज संध्याकाळी खंदक खणून छावणी उभारायचं, कंटाळा आला म्हणून सोडायचं नाही, हे ऐकून मला माझे गोदामातले लोक आठवले आणि हसू आलं. पण माझ्या मनात घर केलं ते चौथ्या वर्गानं. तो इथल्या आरमाराबद्दल होता. जुन्या काळी ज्या कप्तानाचं जहाज बुडेल त्याच्यावर खटला चालायचाच. वादळानं बुडू दे नाही तर शत्रूनं बुडवू दे, त्याची चूक असो वा नसो, त्यानं उभं राहून जाब द्यायचा. निर्दोष ठरला तर मानानं सुटायचा. पण विचारायचं सगळ्यांना. आणि न्याय करायला बसलेल्या ऑफिसरांनी मत द्यायचं तेव्हा सगळ्यात धाकट्यानं आधी बोलायचं. सगळ्यात मोठ्यानं सगळ्यात शेवटी. कारण मोठा आधी बोलला की धाकटे त्याचीच री ओढतात आणि मग खरं काय झालं ते कळतच नाही. सार्जंट म्हणाले, ज्या सैन्याला आपलं काय चुकलं हे कळतं, ते पुढच्या खेपेला जिंकतं. यापेक्षा मोठं रहस्य मला तरी सापडलं नाही.

मी थक्क झाले. आमच्या घरात आधी आजोबा बोलायचे, आणि तिथेच विषय संपायचा. माझ्या घरात मी बोलते, आणि विषय संपतो.

वर्ग सुटल्यावर मी त्यांना लेकीचं सगळं सांगितलं. चाळीस मिनिटांचं. ते बराच वेळ खुर्च्या एकात एक रचत राहिले. मग म्हणाले, सार्जंटचं कामच असतं ते, नव्या कोवळ्या ऑफिसरला बाजूला घेऊन सांगायचं की सर, तुमचं चुकतंय. मी वर्षानुवर्षं सांगितलं. एकदाच गप्प बसलो. रस्ता चुकीचा होता हे मला दिसत होतं, पण त्या दिवशी ऑफिसरशी आधीच एकदा वाजलं होतं, म्हटलं जाऊ दे. त्या रस्त्यावर माझा एक माणूस गेला. एवढं बोलून त्यांनी दिवे बंद केले.

घरी येऊन मी लेकीला सांगितलं, उद्यापासून रोज संध्याकाळी सराव. मी बेत मांडणार, तू त्यातल्या चुका काढायच्या. तू आधी बोलायचं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मला ताप आलाय.

पहिला बेत मी माझ्या हातखंडा विषयातला घेतला. मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम, शनिवारी, हॅरोच्या हॉलमध्ये. गाडी एक. वेम्बलीहून श्रीखंड आणायचं, हाउन्सलोहून चार आजी-आजोबांना, क्रॉयडनहून पेटी वाजवणाऱ्या काकांना. मी वेळा लिहिल्या, कागद पुढे सरकवला. "बोल."

"छान आहे, आई."

"चूक काढ."

"नाही, इट्स फाइन."

"अगं बोल ना! मिठाची गुळणी धरलीयेस का तोंडात?" मी टेबलावर हात आपटला. ती आणखीच मिटली. तीन दिवस हाच तमाशा. चौथ्या दिवशी सार्जंट चहाला आले होते, त्यांनी तो डोळ्यांनी बघितला आणि खो खो हसले. म्हणाले, मॅडम, तुम्ही पिस्तूल रोखून मोकळेपणा मागताय. तुम्हाला एकच शब्द बोलायची परवानगी आहे. 'आणखी?' उत्तर द्यायचं नाही, कारण सांगायचं नाही. आणि तिच्याकडे बघूही नका. तुमची नजरच पुरेशी आहे. मला राग आला, पण माणूस बरोबर बोलत होता.

मग मी पोळ्या करताना सराव घ्यायला लागले. माझं तोंड गॅसकडे, तिचं टेबलाकडे. पहिल्या दिवशी माझ्या पाच पोळ्या लाटून झाल्या. मग मागून अगदी बारीक आवाज आला. "आई, शनिवारी वेम्बलीला फुटबॉलची मॅच आहे. रस्ते बंद असतात. तुझी प्लॅन तिथेच अडकणार." तिचं मराठी असंच आहे, कशाला 'तुझा' आणि कशाला 'तुझी' याचा मेळ तिला कधी लागला नाही. पण मॅच! रोज विमानतळाच्या गाड्या लावणारी मी, आणि मॅच विसरले? माझ्या जिभेवर आलं होतं की ते तू पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस. मी जीभ चावली. "आणखी?"

"आजी-आजोबांना गाडीत बसायला वेळ लागतो. तू दोन मिनिटं धरलीस. वीस लागतील."

"आणखी?"

"क्रॉयडन फार लांब आहे. काकांना ट्रेननं येऊ दे. त्यांना आवडतं ट्रेन."

काय सांगू, मला इतका आनंद झाला! आपलं चुकलेलं कोणी दाखवून दिल्यावर आनंद व्हायची ती माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. त्या लोकांची ती रीत मला त्या क्षणी मनापासून आवडली. माझ्या आजोबांना ज्यांनी काही विचारलं नाही त्यांचीच रीत, हेही मला ठाऊक होतं. पण चांगलं ते चांगलं. ते घेताना मी कोणाच्या बापाला भीत नाही.

पुढचे काही आठवडे रोज एक बेत. पोरगी धीट होत गेली. चुका काढताना तिच्या आवाजात थोडी मजाही यायला लागली. "आई, यात तू पेट्रोल धरलंच नाहीस, गाडी ढकलत नेणारेस का?" मी पाठमोरी हसायची.

निवडीला चार दिवस राहिले होते. त्या संध्याकाळी तिनं माझ्या बेतातल्या तीन चुका काढल्या. मी सवयीनं म्हटलं, "आणखी?" मी पोळी तव्यावर टाकली. "आणखी काही?"

"तू मला बाबांचं सांगायला हवं होतं."

दोन वर्षं मी उत्तरं घोकून ठेवली होती. तुझी परीक्षा होती. बाबांचीही तीच इच्छा होती. तू रडत आली असतीस तर मी कोणाकोणाला सावरलं असतं? तिन्ही ओठांवर आली. त्यातलं मधलं तर खोटंच होतं. तव्यावरची पोळी करपायला लागली होती आणि मला ती उलटायचंही सुचेना. कसंबसं एवढंच म्हटलं, "आणखी?"

"बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मी एकदा फ्रेंड्सबरोबर पिझ्झा खायला गेले. खूप हसत होतो आम्ही. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. तारीख आहे त्याच्यावर. मला बघवत नाही आणि डिलीट पण करता येत नाही."

"आणखी?"

"ते मला विचारत होते का? मी कुठे आहे म्हणून?"

हा प्रश्न होता. याला उत्तर द्यायलाच हवं होतं. मी गॅस बंद केला आणि तिच्याकडे वळले.

"हो," मी म्हटलं. "रोज विचारत होते. मी त्यांना सांगत होते, पेपर संपला की येईल. मी दोघांनाही थांबवून ठेवलं. चुकलं माझं. मोठी चूक केली मी."

ती हुंदके देऊन रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर. मीही रडले, पिठाचे हात तसेच घेऊन. मग ती ओरडली माझ्यावर. इंग्लिशमध्ये, मराठीत, मिळेल त्या शब्दांत, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं. मी एका शब्दानं अडवलं नाही. शेवटी आम्ही करपलेली पोळी बाजूला सारून उरलेल्या खाल्ल्या.

निवडीत तसंच एक कोडं आलं आणि ऑफिसरनं तिला पुन्हा घेरलं. ती म्हणाली, नो सर, मी दोनदा तपासलंय, आकडा बरोबर आहे. आणि दुसऱ्या एका ठिकाणी तिची खरीच चूक झाली होती, ती त्यांनी शोधायच्या आधी तिनंच सांगून टाकली. तिची निवड झाली. मंडळात पेढे वाटताना एका बाईनं विचारलं, अगं, एकुलती एक, तू पाठवतेस कशी? मी म्हटलं, पाठवत नाही, ती जातेय. सार्जंटनी पेढा खाल्ला, लेकीशी हात मिळवला आणि मला सांगितलं की आमचा बिन आजही चुकीचाच बाहेर आहे.

जायच्या आधी तिला ढीगभर फॉर्म भरायचे होते. एका शनिवारी सकाळी ती ते घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. मी समोर भाजी निवडत होते. एका पानावर ती थांबली. आजारी पडले, जखमी झाले किंवा त्याहून वाईट काही झालं, तर कोणाला कळवायचं, अशी ती जागा होती. तिनं माझं नाव लिहिलं, त्यापुढे 'आई', त्यापुढे नंबर. मग वर बघून मला समजावल्यासारखं म्हणाली,

"मला काही झालं ना आई, तर ते तुला लगेच सांगतील. खरं काय ते. तुला थांबवून ठेवणार नाहीत."

ती टोमणा मारत नव्हती. मला धीर देत होती. मी भाजी खाली ठेवली. मग मी हात पुसले, चष्मा लावला, तो कागद माझ्याकडे ओढला आणि तिनं लिहिलेला माझा नंबर एकेका आकड्यावर बोट ठेवून दोनदा तपासला.